दाराला चाकं, कमानीला शेजारी

आमच्या वस्तीत कुणाचं लग्न ठरलं की पहिला फोन माझ्या सासूबाईंना येतो. पाद्रीबाबांना दुसरा. हॉल, केक, बँड या मंडळींचा नंबर त्यानंतर. कारण लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या दाराला हिरव्या डहाळ्यांची कमान लागली पाहिजे, तिच्यावर लाल-पांढरे कागदी गुलाब बसले पाहिजेत, आणि हे सगळं शेजाऱ्यांनी करायचं, असा आमच्याकडचा नेम आहे. घरच्यांनी कॉफी करायची, पेले भरायचे आणि गप्प बसायचं. घरच्या माणसाने बोट जरी लावलं तरी ती कमान नव्हे, नुसता पालापाचोळा, असं सासूबाई ठणकावून सांगतात.

सासूबाईंचं नाव रीक विसिंक, वय अडुसष्ट. हॉलंडच्या पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला चिकटून असलेल्या आमच्या गावातल्या बेकरीत त्या तीस वर्षं गल्ल्यावर उभ्या होत्या. त्यामुळे कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची भूक गेली आहे आणि कुणाच्या घरात बोलणं बंद आहे, हे त्यांना पावावरून कळतं. वस्तीत मयत झालं तर निरोप घेऊन दारोदार जाणाऱ्या त्याच, गाय अडली तर कंदील धरणाऱ्या त्याच. आणि कमानी म्हणाल तर आजवर एकोणचाळीस. त्यातल्या एकीचाही गुलाब कधी पावसाने गळून पडला नाही, हे त्या स्वतः सांगतात, कारण बाकी कुणी सांगायच्या आत त्यांचं सांगून झालेलं असतं.

त्यांच्या स्वतःच्या दाराला मात्र एकही कमान लागली नाही. मुलगी नाही, मुलगे दोन; मुलाच्या लग्नातही कमान लावता येते, पण त्यांनी ती वेळच आणली नाही. थोरले दीर वीस वर्षं एका बाईबरोबर सुखाने राहतात, तीन मुलं आहेत, आणि विचारलं तर म्हणतात, "लग्नाचं बघू." धाकटा योस्ट, म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघांनी सोमवारी सकाळी नऊ वाजता नगरपालिकेत लग्न उरकलं, कारण सोमवारी सकाळी ते फुकटात होतं. सासूबाईंना आदल्या दिवशी फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." ते "बरं" मी अठरा वर्षं ऐकते आहे. तेव्हा मला ते खरंच "बरं" वाटलं होतं. एवढी मी अडाणी.

राहिली होती फेमके. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. एक बॅग आणि एक ससा घेऊन मावशीकडे आली आणि शिकायला बाहेर पडेपर्यंत तिथेच वाढली. तिचं घर म्हणजे मावशीचं घर, तिचं दार म्हणजे मावशीचं दार. त्या दाराला कमान लागायची ही एकच संधी उरली होती. आणि या बयेने ठरवलं की लग्न स्लोव्हेनियात करायचं. दोन वर्षांपासून ती तिकडेच होती, साविन्या नदीकाठच्या एका खेड्यात, ब्लाझ नावाच्या लाकडाच्या गिरणीतल्या एका उंच, लाजाळू माणसाबरोबर.

फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता, कारण सासूबाई फोनवर नेहमी हात मोकळे ठेवून बोलतात.

"मावशी, अगदी छोटं लग्न आहे हं. चाळीस माणसं. तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. इकडं सगळं..."

"आणि कमान?"

"तेच सांगतेय, इकडचे शेजारी..."

"तिकडं कसले आलेत शेजारी? तू निघणार कुठल्या दारातून ते सांग."

"मावशी, माझं ऐकून तरी घे!"

"ऐकलं. छोटं लग्न, चाळीस माणसं. तू दाराची काळजी करू नकोस. दार मी आणते."

आणि फोन ठेवून त्यांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. अंगणात आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, उभी होती. सव्वीस वर्षांची, पोटाशी तपकिरी पट्टा असलेली. फेमकेचे सगळे उन्हाळे तिच्यातच गेले होते. वरच्या फळीवर झोपायची ती.

"दाराला चाकं आहेत ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग दारच तिकडं नेऊ."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर अंगावर काटाही आला. बाराशे किलोमीटर दार ओढत न्यायचं! माझी अकरा वर्षांची लोट्टे तर तिथल्या तिथे उड्या मारायला लागली.

शेजाऱ्यांचा प्रश्नही सुटल्यासारखाच होता. कुंपणापलीकडचे खेरिट आणि डीनी हार्मेलिंक म्हणाले, आम्ही आमचा तंबू घेऊन येतो, तिथे तुमच्या शेजारी लावतो, म्हणजे झालो शेजारी. वस्तीतल्या बायकांनी तीन संध्याकाळी आमच्या गोठ्यात बसून गुलाब वळले, तीनशे वीस. सासूबाई नेमाप्रमाणे कॉफी करत होत्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणाची पाकळी सैल बसते आहे ते बघून ओठ चावत होत्या. सगळे गुलाब बेकरीच्या पिशव्यांत भरले. आणि निघायला दहा दिवस असताना खेरिटच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. दोन वर्षं वाट पाहिलेली तारीख.

"पुढं ढकलतो मी," खेरिट म्हणाला.

"खुळा आहेस का? खुबा बदलून घे. कमानीचं मी बघते."

"तू कशी बघणार, रीक? तू तर घरची."

सासूबाईंनी त्याची कॉफी पेल्याबाहेर सांडेपर्यंत ओतली. हे मी अठरा वर्षांत एकदाच पाहिलं.

पण म्हणून थांबणं हे त्यांच्या स्वभावात नाही. सोमवारी पहाटे आम्ही निघालोच. गाडी चालवायला सासरे, बेनी. त्यांनी जन्मभर दुधाचा टँकर चालवला. अजूनही ते ताशी ऐंशीच्या वर जात नाहीत, जणू मागे दूध हिंदकळेल. मागून जर्मन ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि सासरे शांतपणे म्हणत होते, "त्यांना घाई आहे. आपल्याला लग्नाला जायचंय." गाडीत आम्ही पाच जण आणि प्रत्येकाच्या मांडीवर गुलाबांची एक-एक पिशवी, कारण कॅरॅव्हॅनमधल्या बाकांखाली बटाट्यांनी जागा घेतली होती. स्लोव्हेनियात बटाटे मिळतात, हे मी एकदा सांगून पाहिलं. "मिळत असतील," सासूबाई म्हणाल्या, "पण ते कसले?"

काय मजा आली म्हणून सांगू! सासूबाई उत्साहाने नुसत्या फसफसत होत्या. प्रत्येक पुलावर नदीचं नाव विचारायच्या, प्रत्येक गावातल्या चर्चच्या टोकाला नावं ठेवायच्या, आणि दर तासाला गाडी थांबवून गुलाबांना हवा द्यायच्या. सासरे मग थर्मासातली कॉफी ओतायचे, योस्ट नकाशा उलगडायचा, आणि लोट्टे पुढच्या सरहद्दीला किती किलोमीटर उरले ते ओरडून सांगायची. पहिला मुक्काम माइन नदीच्या काठी पडला. कॅरॅव्हॅनला जोडायचा तंबू ठोकून होतो न होतो तोच सासूबाई शेजारच्या तंबूत जाऊन बसल्या.

"काय करताय आई?" मी विचारलं.

"तालीम," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला त्यांचा बेत कळला. आमच्याकडे नवीन माणूस वस्तीत राहायला आला की तो आधी दोन्ही बाजूंच्या घरी जातो. त्यांना बोलावतो, ब्रँडीत मुरवलेले मनुके पेल्यात घालून चमच्यासकट पुढे ठेवतो, आणि विचारतो, "शेजार धराल का?" ते म्हणतात, "धरू." मनुके संपले की ते जन्माचे शेजारी. सासूबाईंचा हिशेब साधा होता. कॅम्पिंगवर, म्हणजे तंबू-कॅरॅव्हॅनच्या मुक्कामाच्या मैदानावर, आपली कॅरॅव्हॅन हे घर, मग डावीकडचा तंबू आणि उजवीकडचा तंबू हे कोण? शेजारी! त्यांनी मनुक्यांची पाच लिटरची बरणी आणली होती, ती बटाट्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात शिरल्यावर एका थांब्यावर पोलिसाने आम्हाला बाजूला घेतलं. तरुण होता, मिशी नवी होती. गाडीत डोकावून म्हणाला, "या पिशव्यांत काय आहे?"

"गुलाब."

"एवढे?"

सासूबाईंनी पिशवी उघडून एक गुलाब त्याच्या हातात दिला आणि सगळी हकिकत आमच्या गावच्या बोलीत सांगायला सुरुवात केली. ती बोली जर्मनसारखी लागते, आणि जिथे लागत नाही तिथे सासूबाई आवाज वाढवतात. पोलीस दहा मिनिटं ऐकत होता. मागे दोन गाड्या सोडून दिल्या त्याने. शेवटी गुलाब परत देत म्हणाला, "सगळं समजलं, आजी. पण तिथं तुमचे शेजारी कोण?"

सासूबाईंनी पिशवीची गाठ मारली. "तेच तर बघायला चाललोय," त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी आम्ही पोहोचलो. नदीकाठचं छोटं कॅम्पिंग, मागे डोंगर, पाणी असं हिरवं की लोट्टे बुटांसकट आत गेली. सासऱ्यांनी पाणसळ काढून कॅरॅव्हॅन चारी बाजूंनी समतल केली. त्यात त्यांचा तास जातो आणि त्या तासात त्यांच्याशी बोलायचं नसतं. सासूबाईंनी तेवढ्यात शेजार पाहून ठेवला होता. डावीकडे लुबोश आणि यित्का, चेक जोडपं, दोन मुलं आणि तळलेल्या कटलेटांचा एक भला मोठा डबा. उजवीकडे उवे, निवृत्त जर्मन पोस्टमन, एकटाच, एक म्हातारा कुत्रा घेऊन.

संध्याकाळी सगळे आमच्या तंबूत. मनुक्यांचे पेले भरले. सासूबाई उभ्या राहिल्या, पदर असता तर खोचला असता.

"शेजार धराल का?"

"धरू की!" लुबोश मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. त्याने तीन पेले रिचवले होते. "शनिवारी लग्न? शुक्रवारी कमान? हातोडी माझी!"

उवेही हळूच म्हणाला, "धरतो."

सासूबाई त्या संध्याकाळी तंबूच्या दोऱ्या तपासत गाणं म्हणत होत्या. मी योस्टला म्हटलं, तुझी आई धन्य आहे.

गुरुवारी सकाळी खुंट्या उपटण्याच्या आवाजाने जाग आली. लुबोश तंबू गुंडाळत होता. सासूबाई झोपायच्या कपड्यांवरच बाहेर धावल्या.

"हे काय? काल 'धरू' म्हणालात ना!"

"धरलाय की, आजी! अजून धरलेलाच आहे. पण समुद्रावरचं बुकिंग आजपासून आहे ना."

यित्काने जाताना कटलेटांचा अर्धा डबा सासूबाईंच्या हातात ठेवला, बिचारीचा चेहरा पडला होता. दहा वाजता उवेही निघाला. बायको गेल्यापासून मी एका जागी दोन मुक्काम करत नाही, म्हणाला. त्याच्यावर तर रागावताही येईना.

गंमत अशी, की आमच्या वस्तीत शेजारी बदलतो तो मेल्यावरच. माणसं आज आहेत आणि उद्या गाडीला तंबू बांधून चालती होतात, हे सासूबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. सव्वीस उन्हाळे कॅम्पिंग करून! पण त्या उन्हाळ्यांत शेजाऱ्यांकडे त्यांना हातोडीपलीकडे काही मागायचं नव्हतं.

दुपारी फेमके आली. उन्हाने रापलेली, हातात दुधाचं भांडं. मावशीच्या गळ्यात पडली, सासऱ्यांचं टक्कल चुंबलं, आणि कॅरॅव्हॅनच्या वरच्या फळीवर जाऊन पाय हलवत बसली. उद्याची रात्र ती इथेच काढणार होती. मग तिला पिशव्या दिसल्या.

"मावशी! आणलेसच ना गुलाब? अगं मी तुला सांगत होते की इकडं..."

"चूप. नवरीने कमानीबद्दल अवाक्षर काढायचं नसतं."

"अगं पण..."

"अवाक्षर नाही म्हटलं ना! दूध ठेव आणि पळ. तोंडावर काकडी लावून झोप."

फेमकेने माझ्याकडे पाहून हात वर केले, हसली आणि गेली. तिला तरी काय म्हणणार, त्या घरात वाढलेल्या माणसाला कधी गप्प बसावं हे कळतं.

संध्याकाळी डावीकडे सायकलवरून आलेलं एक डॅनिश जोडपं उतरलं, उजवीकडे मोटारसायकलवाला एक इटालियन. पुन्हा मनुके, पुन्हा "शेजार धराल का?", पुन्हा "धरू." बरणीचा तळ दिसायला लागला. या खेपेला सासूबाईंनी शहाणपणा करून विचारलं, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आहात ना?" सायकलवाले म्हणाले, हवेवर आहे.

शुक्रवारी सकाळी हवामानवाल्यांनी दुपारी पावसाची सर सांगितली. आम्ही उठलो तेव्हा डावीकडे नुसतं दबलेलं गवत होतं. इटालियन दाढी करत होता, हेल्मेट शेजारी ठेवलेलं. तासाभरात तोही गेला. अकरा वाजता दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या, समोरची मोकळी, आणि मधोमध आमची समतल कॅरॅव्हॅन.

सासूबाईंनी पायरीवर उभं राहून तिन्ही जागा न्याहाळल्या. मग म्हणाल्या, "बेनी, हातोडी दे."

"कशाला?"

"कमान लावायची. आपणच लावू. इथं बघतंय कोण?"

सासरे खुर्चीत बसून बटाटे सोलत होते. त्यांनी वर पाहिलं. "मी बघतोय," ते म्हणाले.

"बेनी, उद्या दहाला पोर निघेल."

"निघू दे. कमान नसली तर नसली. पण घरच्यांनी लावलेली नको. खेरिटच्या पोरीच्या वेळी त्याचा भाऊ नुसता शिडी धरायला आला, तर तू त्याला हाकलून दिलंस. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग?"

सासूबाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी ॲप्रन तोंडाला लावला. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. त्या रडत होत्या फेमकेसाठी, पण मला आमचा सोमवार आठवत होता. तेव्हा एक दिवस आधी नाही, एक महिना आधी फोन केला असता तर काय बिघडलं असतं? शेवटी मी एवढंच म्हटलं, "आई, डहाळ्या तरी आणू या. डहाळ्या घरच्यांनी आणल्या तर चालतात ना?"

त्यांनी नाक पुसलं, नियम तपासला. "आणलेल्या चालतात," त्या म्हणाल्या. "तोडायच्या मात्र मालकाला विचारून."

गाव चालत दहा मिनिटांवर. ब्लाझचं घर लांबूनच ओळखू आलं, फेमकेची सायकल भिंतीला टेकलेली होती, पण घरात कुणी नव्हतं. त्याच्या कुंपणाला लागून एक मोठं अंगण होतं आणि अंगणात दोन लांबलचक झाडं आडवी पडली होती, साल सोललेली, शेंड्याला तेवढा हिरवा झुबका ठेवलेला. शेजारी डहाळ्यांचा ढीग. दोन माणसं डहाळ्या दोरखंडाला बांधून जाड हिरवी वेणी करत होती.

"आई," मी म्हटलं, "हे काय आहे?"

सासूबाई गवताच्या कोठाराच्या उघड्या दाराकडे बघत होत्या. आत लांब टेबल मांडलं होतं. टेबलाभोवती आठ-नऊ बायका, मधे तारेची वेटोळी, कात्र्या आणि लाल-पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. त्या गुलाब वळत होत्या. बोटावर दोन वेढे, अंगठ्याने चिमटा, तारेचा एक पीळ. आमच्या गोठ्यातल्यासारखंच, अगदी शेवटी तार दाताने तोडायची खोडसुद्धा तीच!

सासूबाई आत गेल्या. कुणाला काही न विचारता एक रिकामी खुर्ची ओढली, कागदाची पट्टी घेतली आणि एक गुलाब वळून टेबलावर ठेवला. मग दुसरा. बायकांचे हात थांबले. टेबलाच्या टोकाला बसलेली, डोक्याला निळा रुमाल बांधलेली बाई चष्मा वर करून बघू लागली. तिचं नाव मिल्का. पुढे कळलं की ती वीस वर्षं ऑस्ट्रियात एका खानावळीत कामाला होती, म्हणून जर्मन बोलायची.

"हात बसलेला दिसतोय," मिल्का म्हणाली. "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"लांबच्या," सासूबाई म्हणाल्या. तिसरा गुलाब चालू होता. "कुणाकडं आहे लग्न?"

"हे काय, शेजारच्या मुलीचं. परदेशी पोर आहे, पण गुणाची. माझ्या कुंपणाला कुंपण. गेल्या वर्षी माझा गुडघा सुजला तेव्हा सगळं गवत तिनंच कापलं, वाकडंतिकडं, पण कापलं. आईबाप नाहीत हो तिला."

"नाव काय तिचं?"

"फेमका."

सासूबाईंचा हात थांबला. "ती माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी मावशी. मी वाढवलीय तिला."

मिल्का उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने सासूबाईंच्या बोटांतून कागद काढून घेतला.

"मग ठेवा ते खाली! घरच्या माणसांनी हात लावायचा नसतो, माहीत नाही का?"

सासूबाई आधी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या. टेबलावर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि त्या बायकांना काही कळलं नसूनही त्याही हसायला लागल्या. मीही हसत होते आणि रडत होते. कुणाला सांगू आणि काय सांगू असं झालं होतं मला.

मग बोलणी झाली, दोन सेनापतींची व्हावीत तशी. मिल्काचा बेत होता ब्लाझच्या दाराला कमान लावायचा. सासूबाई म्हणाल्या, मुलगी निघणार मावशीच्या दारातून.

"कुठं आहे तुमचं दार?"

"नदीवर, कॅम्पिंगला. चाकांवर आहे."

मिल्का दोन्ही बाजूंचं भाषांतर करत होती; बायकांत कुजबुज झाली. एक म्हणाली चाकांवरचं दार हे काही दार नव्हे. दुसरी म्हणाली, डोंगरावरच्या गुराख्यांच्या झोपडीला लावली होतीच की आपण एकदा. मिल्काने हात वर केला.

"मुलगी शेजारची," ती म्हणाली, "तर तिचं दारही शेजारचंच. पाऊस कधी सांगितलाय?"

"तीनला."

"मग चारला येतो."

पाऊस आला तसा गेला. चारला कॅम्पिंगच्या फाटकातून ट्रॅक्टर आत आला. त्यावर दोन झाडं, हिरवी वेणी, शिड्या, एक अकॉर्डियन आणि निम्मं गाव. नव्याने उतरलेले कॅम्पिंगवाले तंबूंतून माना बाहेर काढून बघत होते. सासऱ्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि एकच विनंती केली, की कॅरॅव्हॅनला धक्का लावू नका, समतल आहे. फेमके धावत आली, तिच्या मागे ब्लाझ.

"काय गं," सासूबाई तिच्यावर डाफरल्या, "तुला इतके शेजारी आहेत, हे सांगायला काय झालं होतं?"

"तीनदा सांगायला गेले, मावशी! तीनदा!"

"मोठ्यानं सांगायचं होतंस."

झाडं उभी राहिली, दाराच्या दोन्ही बाजूंना. वेणी वर चढली. मिल्काने आमच्या पिशव्या उघडल्या, एक गुलाब नाकाशी धरून फिरवून पाहिला, आमच्या वस्तीतल्या बायकांच्या हाताला मान दिल्यासारखी मान हलवली आणि त्यांचे तीनशे वीस आपल्या ढिगात मिसळून टाकले. मी कॉफी करत होते, योस्ट मनुक्यांचा शेवटचा थर चमच्याने वाटत होता. सासूबाईंसाठी मिल्काने कॅम्पिंगची खुर्ची कमानीसमोर मांडली होती.

शिडीवरच्या एका दाढीवाल्याने एक लाल गुलाब उलटा बसवला, पाकळ्या खाली. मला दिसलं. सासूबाई तर उठल्याच.

"बसा," मिल्का मागे वळूनही न बघता म्हणाली.

"पण तो गुलाब..."

"बसा म्हणते ना. तुम्ही घरच्या."

सासूबाई बसल्या. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग घडी घातली, शेवटी ते मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसल्या. एकोणचाळीस वेळा त्या शिडीवर होत्या, खुर्चीत ही पहिलीच वेळ. तो गुलाब उलटाच राहिला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्या गुलाबांकडे बघतच नव्हत्या. शिडी धरणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत होत्या, फेमकेच्या केसांतला काडीकचरा काढून तिला दटावणाऱ्या मिल्काकडे बघत होत्या, ब्लाझची टर उडवणाऱ्या पोरींकडे बघत होत्या. एक-एक चेहरा नीट बघून ठेवत होत्या.

मी कॉफी घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला नाही, माझा हात धरला.

"डीनीला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिला आणि खेरिटला म्हणावं, पोरीला शेजार आहे."